मुन्शीजींची घरची कचेरी

मुन्शीजी वारले तेव्हा तेराव्याला चार जण उभे राहून त्यांच्याबद्दल बोलले. एकानं सांगितलं, बायकोला नोकरी करू देऊन स्वतः घरी लेकरं सांभाळणारा असा पुरुष अख्ख्या धाराशिवात झाला नाही. दुसऱ्यानं त्यांना काळाच्या पुढचा माणूस ठरवून टाकलं. मी मागं बायकांत बसले होते. पानात बुंदी वाढलेली होती आणि ती मी तशीच ठेवली. तेराव्याच्या पंगतीत उठून भांडण काढायचं नसतं एवढी अक्कल मला होती, म्हणून गप्प राहिले. त्यालाही आता बरीच वर्षं झाली. चारही बोलणारे गेले. आता बोलायला माझ्याशिवाय कोणी उरलं नाही, तेव्हा मीच बोलते.

आमच्या आणि त्यांच्या मागच्या अंगणात एकच मातीची भिंत होती, छातीएवढी. अलीकडं मी आणि माझी दोन वर्षांची मुलगी. माझे मालक तुळजापुरात देवीच्या वाटेवरच्या एका दुकानात कामाला होते, आठवड्यातून एकदा घरी यायचे. पलीकडं मुन्शीजी, त्यांची बायको आणि तीन लेकरं. थोरली मुलगी नऊ वर्षांची, मधला मुलगा तीन वर्षांचा आणि धाकटी पाळण्यात. मुन्शीजींच्या बायकोला मी अक्का म्हणायची. त्यांना सगळा मोहल्ला मुन्शीजीच म्हणायचा, आणि त्यांना ते मुळीच पुरेसं वाटायचं नाही.

निजामाचं राज्य होतं. कचेरीचा कारभार सगळा उर्दूत आणि खेड्यातली रयत मराठी. म्हणून हुकूम निघाला की त्याचा मराठी तर्जुमा करायला माणूस लागायचा. मुन्शीजी ते काम करायचे, आणि खोटं कशाला बोलू, चांगलं करायचे. अक्षर असं की न वाचता येणाऱ्यालाही बघत राहावंसं वाटावं. पण कचेरीत एक नवा कारकून आला, त्याला हातांची खुर्ची मिळाली आणि मुन्शीजींची खुर्ची बिनहातांची राहिली. यावर त्यांनी तीन अर्ज केले. चौथ्या वेळी साहेबच वैतागला आणि म्हणाला, तुम्ही घरी बसूनच लिहा बाबा. मुन्शीजी मोहल्ल्यात सांगायचे की सरकारनं त्यांना स्वतंत्र कचेरी दिली आहे.

ती स्वतंत्र कचेरी म्हणजे मागची ओसरी. स्वयंपाकघरातून तिथं जायला दहा पावलं पुरली असती. पण मुन्शीजी रोज सकाळी शेरवानी घालायचे, गोंड्याची लाल रुमी टोपी चढवायचे, अक्काला “निघतो” म्हणायचे आणि पुढच्या दारानं बाहेर पडायचे. गल्लीच्या टोकाला जाऊन वळसा घालायचे आणि मागच्या फाटकातून ओसरीवर येऊन बैठ्या मेजाशी बसायचे. पावसाळ्यात छत्री घेऊन. दुपारी जेवायला त्याच वाटेनं परत. कचेरीच्या वेळात अक्कानं आतून हाक मारली तर ओ द्यायचे नाहीत. तिनं दुसऱ्यांदा हाक मारली की स्वतःच उत्तर द्यायचे, “ते कचेरीत आहेत.” एकदा घरात विंचू निघाला तेव्हाही ते कचेरीतच होते. तो मी मारला.

दुसरी सवय म्हणजे लिहिताना बोलायचं. बोरू कागदावर चालला की जीभ चालायची. आधी उर्दू वाक्य मोठ्यानं वाचायचे, मग त्याचं मराठी बोलत बोलत लिहायचे. मी भिंतीच्या अलीकडं कवड्यांच्या माळा ओवत बसलेली असायची, त्यामुळं सरकारचा एकही हुकूम माझ्या कानांतून सुटला नाही. दोन वर्षांत मला उर्दू समजायला लागली. वाचता मात्र मला तेव्हा मराठीही येत नव्हती, ती पुढं अक्कानं शिकवली.

वाचनालयात मुन्शीजींची भाषणं व्हायची. स्त्रीशिक्षण हा त्यांचा आवडता विषय होता, कारण त्यावर कितीही बोललं तरी घरी काही करावं लागत नसे. पण गावात मुलींची शाळा निघाली, मराठी शिकवायला बाई मिळेना, आणि एका भाषणानंतर कोणीतरी खोडसाळपणे विचारलं की मुन्शीजी, तुमच्या मंडळी सातवी झाल्यात ना. एवढ्या लोकांत ते नाही कसं म्हणणार? छाती पुढं काढून म्हणाले, उद्यापासून पाठवतो, मी घरीच असतो, लेकरांचं आणि घरचं मी बघीन. टाळ्या पडल्या. हार घातला. तो हार सुकला तरी खुंटीवरून त्यांनी काढू दिला नाही.

अक्काला एक वर्षासाठी हंगामी घेतलं. वर्षानंतर वरून तपासणीच्या बाईसाहेब येणार, काम बघणार आणि मग कायम करणार किंवा घरी पाठवणार. थोरली पोरगीही आईच्या बोटाला धरून शाळेत जायला लागली. शिक्षिकेची मुलगी म्हणून तिला घेतलं होतं, नाहीतर मुन्शीजींनी तिला पाणी आणायला आणि दौत धुवायला घरीच ठेवलं असतं. अक्का पहिल्या दिवशी शाळेतून आली ती भिंतीशी उभी राहून मला म्हणाली, “अगं, आज वीस पोरी मला बाई म्हणाल्या. घरात मला अकरा वर्षांत कोणी नावानं हाक मारली न्हाई.” तिचा चेहरा मला अजून दिसतो. तेव्हाच मला कळलं की ही नोकरी गेली तर या बाईचं काय होईल, आणि तिच्याबरोबर त्या पोरीचंही.

मुन्शीजींचं एक ठरलेलं वाक्य होतं, “घरकाम म्हणजे निव्वळ बंदोबस्ताचा प्रश्न आहे.” बायकांना बंदोबस्त जमत नाही म्हणून त्या दमतात, असं ते मला भिंतीवरून समजावून सांगायचे, मी धुणं पिळत असताना. त्यांनी घराचे मोहकमे, म्हणजे सरकारात असतात तशी खाती, पाडली. मोहकमा-ए-चूल, मोहकमा-ए-पाणी, मोहकमा-ए-पाळणा. एक मोठा कागद सुंदर अक्षरात लिहून स्वयंपाकघराच्या दाराला डकवला. लेकरांच्या रडण्याचेही तीन दर्जे ठरवले होते. पहिल्या दर्जाचं रडणं भुकेचं, दुसऱ्या दर्जाचं दुखण्याचं आणि तिसऱ्या दर्जाचं उगीच. तिसऱ्या दर्जाची दखल कचेरीच्या वेळात घेतली जाणार नाही, असं त्याखाली लिहिलं होतं. पहिल्याच आठवड्यात असं दिसलं की घरी असलेली दोन्ही लेकरं दिवसभर तिसऱ्याच दर्जाचं रडतात.

मधल्या पोराला ते धोतराच्या एका टोकानं ओसरीच्या खांबाला बांधायचे. पाळण्याची दोरी पायाच्या अंगठ्याला बांधायचे आणि लिहिता लिहिता पाय हलवायचे. हे आमच्याकडं सगळ्याच बाया करतात, त्यात नवीन काही नाही. पण मुन्शीजींनी त्यावर वाचनालयात भाषण दिलं.

एका सकाळी पलीकडं धाकटी रडायला लागली. मी म्हटलं, बघतील. रडणं वाढलं, मग एकदम बसकं झालं. मी पाटावर चढून भिंतीवरून वाकले. पोर पाळण्याच्या कडेवरून अर्धी बाहेर लोंबत होती, झबलं दांडीला अडकलं होतं म्हणून खाली पडली नव्हती. दोरी अंगठ्यातून कधीच निसटली होती. आणि मुन्शीजी लिहीत होते, मोठ्यानं बोलत होते, आणि त्यांचा पाय तसाच हलत होता, पुढं-मागं, पुढं-मागं, मोकळाच.

मी भिंत चढून पलीकडं गेले, पोर सोडवली आणि तशीच घेऊन परत आले. मुन्शीजींनी मान वर केली नाही. दुपारी जेवायच्या वेळेला टोपी भिंतीवर दिसली. “बाळ तुमच्याकडं आहे का?” विचारलं. मी हो म्हटलं. मला वाटलं आता माणूस शरमेल. ते म्हणाले, “छान. शांत आहे. राहू द्या.”

त्या दिवसापासून रोज अक्का शाळेला गेली की धाकटी भिंतीवरून माझ्याकडं यायची आणि शाळा सुटायच्या थोडं आधी, तोंड धुऊन, तीट लावून, भिंतीवरून परत जायची. अक्का दारात यायची तेव्हा मुन्शीजी पोरीला खांद्यावर घेऊन उभे असायचे आणि वर म्हणायचे, आज जरा त्रास दिला हिनं.

आता माझं काय चाललं होतं तेही सांगते. पहाटे जात्यावर दळण, आडावरून पाणी, भाकरी, धुणं, माझी पोर. मग कवड्यांची टोपली ओढायची. कवडीची पाठ दगडावर घासून भोक पाडायचं, निवडायची, ओवायची. तुळजापूरला जोगवा मागणाऱ्यांच्या आणि नवसाच्या लोकांच्या गळ्यात ज्या माळा दिसतात त्यांतल्या कितीतरी माझ्या हातच्या. एका मांडीवर माझी पोर, दुसऱ्या मांडीवर मुन्शीजींची. दोघींपैकी कोणी कवडी तोंडात घालू नये म्हणून डोळ्यात तेल घालून बसायचं. मला कोणी विचारलं की काय करतेस, तर मीच म्हणायची, काही नाही, घरीच असते. मला कोणी हार घातला नाही. माझ्याकडं टोपीही नव्हती.

अक्काला का सांगितलं नाही, तर त्याचं कारण साधं होतं. ती मानी होती. दुसरीच्या मांडीवर आपलं लेकरू टाकून मी नोकरी करते असं तिला कळलं असतं तर ती दुसऱ्याच दिवशी शाळा सोडून घरी बसली असती. म्हणून मी त्या माणसाचं ढोंग माझ्या हातानं रोज धुऊन-पुसून परत देत होते. याचा मला संताप यायचा, पण इलाज नव्हता.

पुढं भानगड झाली ती मधल्या पोरामुळं. खांबाला बांधलेला असला तरी त्याचे हात मोकळे होते, आणि त्याला लाखेचा तुकडा, शाईची चिंधी, जे मिळेल ते तोंडात घालायची खोड होती. मुन्शीजी लिहिता लिहिता त्याला दरडावायचे. आणि त्यांची जीभ जे बोलेल ते बोरू लिहायचा, हे मी वर सांगितलंच. देवी टोचायला सरकारी माणसं येणार होती, त्याची नोटीस त्यांनी मराठीत केली. ती एका खेड्याच्या चावडीवर दवंडी पिटून वाचली गेली, ती अशी, की तमाम रयतेस इत्तिला देण्यात येते, देवी टोचणारे साहेब येत्या मंगळवारी येतील, तरी सर्वांनी आपापली लेकरं घेऊन चावडीत हजर व्हावं, आणि आधी तोंडातलं काढ, नाहीतर दिवसभर तिथंच बसवून ठेवीन.

खेड्यातल्या लोकांना सरकारी भाषा कडक असते एवढं ठाऊक होतं. मंगळवारी सगळा गाव लेकरं घेऊन चावडीत आला. कोणाच्या तोंडात तंबाखू नाही, पान नाही, म्हातारे सुपारी बाहेर थुंकून आत बसले. टोचणी दुपारी झाली तरी कोणी उठेना, कारण उठायचा हुकूम नोटिशीत नव्हता. साहेब इतका खूश झाला की त्यानं वर लिहून कळवलं, या गावासारखी शिस्त मी कुठं पाहिली नाही, आणि सोबत नोटिशीची नक्कल जोडली. तिथं मुन्शीजी पकडले गेले.

कचेरीतून सांगणं आलं की घरच्या गोंधळात सरकारी काम होत नाही असं दिसतं. घर शांत करा, नाहीतर पुढच्या महिन्यापासून कचेरीत येऊन आपल्या जागेवर बसा. आपली जागा म्हणजे ती बिनहातांची खुर्ची. मुन्शीजी दोन दिवस जेवले नाहीत.

अक्कानं नोकरी सोडावी हे त्यांच्या मनात आलं होतं, ते तोंडावर लिहिलेलं होतं. पण तसं बोलणार कसे? खुंटीवर हार होता, वाचनालयात नाव झालं होतं. आणि तपासणीच्या बाईसाहेब पंधरा दिवसांत यायच्या होत्या. तेव्हा त्यांनी आपल्या धंद्यातलीच वाट काढली.

त्या सकाळी पलीकडून बोरूचा आवाज आला आणि पाठोपाठ त्यांचं बोलणं. मला आधी नेहमीचा कागद वाटला. मग कान टवकारले. तपासणीच्या बाईसाहेबांना उद्देशून उर्दूत लिहिणं चाललं होतं. मराठी शिकवणाऱ्या उस्तानीची लेकरं उपाशी आणि उघडी फिरतात, चूल थंड असते, घराची दुर्दशा झालेली आहे, आणि तिचा नवरा एवढा सज्जन की बिचारा तोंडातून अवाक्षर काढत नाही. अशा बाईला कायम केलं तर गावातल्या मुलींनी काय धडा घ्यावा? स्वतःच्या सज्जनपणाच्या ओळीवर ते थांबले, ती पुन्हा वाचली आणि त्यात आणखी एक चांगला शब्द घातला. नाव घालणार नव्हतेच. त्यांची धाकटी माझ्या मांडीवर झोपलेली होती. मला दगडावर घासत असलेली कवडी भिंतीवरून त्यांच्या टोपीवर फेकून मारावीशी वाटली.

अक्काला सांगावं का यात माझे दहा-बारा दिवस गेले. रोज ती हसत घरी यायची, पोरींच्या गमती सांगायची, आणि मी माळ ओवत ऐकत राहायची. माझं बोलणं ऐकून तिनं घरात भांडण काढलं असतं तरी पत्र काही परत येणार नव्हतं. आणि सांगायचं ठरवलं तोवर बाईसाहेब येऊनही ठेपल्या.

त्या शाळेत गेल्याच नाहीत, सरळ मुन्शीजींच्या घरी आल्या. बरोबर शाळेच्या मोठ्या बाई आणि एक चपराशी. पुढच्या दाराची कडी वाजली तेव्हा अक्का आणि थोरली शाळेत होत्या, मुन्शीजी ओसरीवर, म्हणजे कचेरीत. कडी पुन्हा वाजली तरी ते उठले नाहीत. दार नुसतं लोटलेलं होतं, ते ढकलून त्या आत आल्या. आत काय होतं ते मी पाटावर उभी राहून बघू शकत होते. चूल विझलेली, खरकटी भांडी तशीच, आणि पोरगं खांबाला बांधलेलं, तोंड शाईनं काळं. पत्रात लिहिलेला शब्द न् शब्द खरा दिसत होता. मुन्शीजींनी नुसतं गप्प बसायचं होतं, त्यांना हवं होतं ते सगळं होणार होतं. संपलं, अक्का घरी बसली, पोरीची पाटीही सुटली.

तेवढ्यात बाईसाहेब आतल्या खोलीतून मोठ्या बाईंना म्हणाल्या, “घर मे मर्द है के नई? होंगा तो बिल्कुल निकम्मा होंगा.”

ते मुन्शीजींनी ऐकलं. आणि त्या माणसाला दुसरं काहीही सोसलं असतं, हे सोसलं नाही. दोन क्षणांत लाल टोपी भिंतीवर आली.

“बाई, बाळ द्या. लवकर. भाकरी असतील तर त्याही द्या.”

मी तशीच उभी राहिले. पोर माझ्या कडेवर होती. नाही म्हटलं असतं तर त्याच दिवशी, त्याच ओसरीवर, सगळ्या जगासमोर या माणसाचं सोंग उघडं पडलं असतं. वर्षभर मी त्याची वाट बघत होते. आणि दिलं असतं तर तोच शहाणा ठरणार होता. पण त्याला निकम्मा ठरवण्याची किंमत अक्का भरणार होती, हे मला दिसत होतं. मी पोरीचं तोंड पदरानं पुसलं, डोक्यावर माझ्या मुलीचं धुतलेलं टोपडं बांधलं आणि दिली. भाकरीची टोपली दिली. तुरीच्या आमटीचं पातेलं दिलं, गरम होतं म्हणून फडक्यात धरून दिलं. “ताटल्या?” त्यांनी विचारलं. ताटल्याही दिल्या.

मग मी भिंतीआड बसून सगळं ऐकलं. मुन्शीजी लेकरू खांद्यावर घेऊन पुढं झाले, म्हणाले, माफ करा, हिला निजवत होतो. पोराचं तोंड त्यांनी शेरवानीच्या बाहीनं पुसलं होतं. खरकटी भांडी? राखेत घासायला काढली आहेत. चूल थंड? स्वयंपाक केव्हाच उरकला. मग बंदोबस्तावर भाषण झालं, मोहकमे झाले, डकवलेला कागद वाचून दाखवला. बाईसाहेबांनी आमटी चाखली आणि विचारलं कोणी केली. मीच, ते म्हणाले. धाकटी मात्र सारखी माझ्या बाजूला हात पसरून रडत होती. तिला काय हवंय असं बाईसाहेबांनी विचारलं तेव्हा म्हणाले, भिंतीवर चिमणी येते, तिला बघायचंय.

“ऐसा मर्द हजारों मे एक,” बाईसाहेब जाताना म्हणाल्या. मी हातातली माळ तोडली. कवड्या अंगणभर झाल्या.

त्यांनी शाळेत जाऊन अक्काला ते निनावी पत्र दाखवलं, कुण्या नतद्रष्टाचं काम आहे म्हणाल्या, आणि जाळून टाक म्हणून तिच्या हातात दिलं. त्या आठवड्यात अक्का कायम झाली. मुन्शीजींनी पेढे वाटले आणि प्रत्येक पेढ्याबरोबर आमटीची गोष्ट सांगितली. महिना संपला तसं त्यांना कचेरीतल्या बिनहातांच्या खुर्चीवर जावं लागलं. सरकारला माझी गरज भासली, असं त्यांनी त्याचं कारण सांगितलं.

पेढ्यांच्या दुसऱ्या दिवशी अक्का माझ्याकडं आली. भिंतीवरून नाही, पुढच्या दारानं, गल्लीतून, सगळ्यांच्या देखत. हातात माझं आमटीचं पातेलं, घासून लख्ख केलेलं. ते तिनं चुलीपाशी ठेवलं आणि माझ्याशेजारी खाली बसली.

“पोर तू सांभाळतीस हे मला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं,” ती म्हणाली. “तिच्या मुठीत रोज दोरा असायचा.”

माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. म्हटलं, “मग अक्का, बोलला का न्हाई?”

“बोलले असते तर मला तुला नको म्हणावं लागलं असतं.”

तिनं टोपलीतून दोरा उचलला आणि माझ्याबरोबर ओवायला लागली. पत्राचं मी बोलले नाही. कोणी लिहिलं ते तिला कळलेलं नसेल तर माझ्या तोंडून कशाला, असं मनाला समजावलं. त्यानंतर धाकटी रोज सकाळी पुढच्या दारानं माझ्याकडं यायला लागली, अक्काच्या कडेवर, मधला तिच्या बोटाला धरून, आणि गल्लीत कोणी विचारलं की अक्का मोठ्यानं सांगायची, हिच्याकडं असतात लेकरं, म्हणून माझी नोकरी चालते.

मग अक्कानं नवऱ्याला सांगितलं की कायम झाल्यावर शाळेचे कागद उर्दूत येतात, मला उर्दू शिकवा. मुन्शीजींना आभाळ ठेंगणं झालं. शुक्रवारी सुट्टी असायची. दर शुक्रवारी दुपारी ओसरीवर धडा चालायचा. ते टोपी घालून शिकवायचे. उच्चार जरा चुकला की दहा वेळा घोटून घ्यायचे आणि वाचनालयात जाऊन सांगायचे की बायकोला विद्या देतोय. सहा-आठ महिने हे चाललं. अक्का पुस्तकं वाचायला लागली, मग हातानं लिहिलेलंही.

अशाच एका शुक्रवारी मी अलीकडं ओवत होते. धडा सुरू झाला तसं अक्काचं बोलणं ऐकू आलं. “आज पुस्तक नको. हा कागद वाचून दाखवते. चुकलं तर सांगा.”

ती वाचायला लागली. सावकाश, एकेक शब्द सुटा करून, वर्गातल्या पोरी वाचतात तसं. पहिल्या ओळीला मुन्शीजी “हं” म्हणाले. दुसऱ्या ओळीनंतर त्यांचा आवाज बंद झाला. लेकरं उपाशी. लेकरं उघडी. चूल थंड. बिचाऱ्या सज्जन नवऱ्यावर ती जराही अडखळली नाही. माझ्या हातातली सुई जागच्या जागी थांबली. कागद जवळ ठेवला होता बाईनं, जाळला नव्हता. वाचता येईपर्यंत सांभाळला होता.

शेवटी, जिथं लिहिणाऱ्याचं नाव असायला हवं तिथं एकच शब्द होता, आणि त्या शब्दाला ती अडली. एकदा वाचून बघितलं, चुकलं. पुन्हा वाचलं, पुन्हा चुकलं. मग थांबली. मला वाटलं आता ते कागद फाडतील, हात उगारतील, नाहीतर निदान उठून तरी जातील.

भिंतीपलीकडून मुन्शीजींचा आवाज आला, अगदी हळू. “खैरख्वाह.”

“खैरख्वाह,” अक्का नीट म्हणाली. “म्हणजे काय हो?”

ते म्हणाले, “भलं चिंतणारा.”

“बरं,” अक्का म्हणाली. “पुढचा धडा द्या.”